आधी घास, मग शिक्का

माझ्या वहिनीला सायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याविरुद्ध जो तक्रारअर्ज आला त्याच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, ‘संबंधित महिलेस सायकलिंगचा कोणताही अनुभव नाही.’ सोळा वर्षं जिच्या हातचं खाऊन माणसं चारशे किलोमीटर पार करून धडपणे घरी गेली, ती आता ‘संबंधित महिला’. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज लिहिणाऱ्यालाही तिच्याच बटाट्यांनी घरी पोचवलं होतं, आणि तेही दोनच दिवसांपूर्वी.

पण असं मधूनच सुरू केलं तर कुणाला काही कळायचं नाही. माझं डोकं तापलं की मी शेवट आधी सांगतो, अशी माझ्या बायकोची तक्रार असते. तेव्हा जरा मागे जातो.

आमचा सायकल क्लब वर्षातून एकदा चारशे किलोमीटरची राइड काढतो. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला नि शेवटचा कोण, हे कुणी विचारत नाही. पहाटे पाचला सुटायचं आणि सत्तावीस तासांच्या आत परत यायचं, बस. वाटेत चार ठिकाणी क्लबची माणसं टेबल मांडून बसलेली असतात. त्यांच्याकडून आपल्या कार्डावर वेळ लिहून घ्यायची, शिक्का मारून घ्यायचा आणि पुढे निघायचं. एक शिक्का जरी राहिला तरी सगळी राइड बाद. दोनशे दहाव्या किलोमीटरचा शिक्का वहिनीकडे होता. ते टेबल संध्याकाळी सातला बंद होतं.

वहिनी नोकरी करते एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. तेवीस वर्षं झाली. तिथे रोज तीनशे ताटं वाढून ट्रॉलीवरून वॉर्डात जातात आणि तासाभराने परत येतात. बाकीच्या बायका परत आलेली ताटं सरळ धुवायला टाकतात. वहिनी आधी बघते. कुणी भात ठेवलाय, कुणी नुसतंच चिवडलंय, कुणाच्या ताटाला बोटही लागलेलं नाही. एकदा एका म्हाताऱ्याचं ताट तीन दिवस जसंच्या तसं परत आलं. नर्सने कागदावर लिहिलं होतं, ‘भूक नाही’. वहिनी एप्रनसकट वर गेली. बघते तर म्हाताऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि ताट रोज उजव्याच बाजूच्या स्टुलावर. भूक नाही कसली डोंबलाची. तिने स्टूल डावीकडे ओढलं, चमचा त्याच्या हातात दिला आणि ताट रिकामं होईपर्यंत तिथेच उभी राहिली. त्याबद्दल तिला मेट्रनची बोलणी खावी लागली, कारण स्वयंपाकघरातल्या माणसाने वॉर्डात पाऊल टाकायचं नसतं. वहिनीने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत वर गेली.

सायकलींच्या भानगडीत ती पडली माझ्या भावामुळे. दादा तेव्हा सायकल चालवायचा. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून तो टेम्पो चालवतो आणि बटाटे सोलतो. सोळा वर्षांपूर्वी दोनशे दहावर बसायचा माणूस ऐन वेळी आलाच नाही. आमच्यातल्या एकाची लाकडाची वखार आहे हमरस्त्याला लागून, तिच्या ऑफिसात टेबल, वही, शाई आणि शिक्का नुसता पडून होता. वहिनी दादाचा डबा घेऊन तिथे आली होती. सायकलवाले येऊन टेबलाभोवती चकरा मारायला लागले, तशी ती खुर्चीत बसली आणि शिक्के मारायला लागली. डब्यातलं कधीच वाटून टाकलं होतं. दादा पोचला तेव्हा त्याच्या वाट्याला रिकामा डबा आला, आणि ते तो अजून बोलून दाखवतो. तिला त्या खुर्चीवर कुणी बसवलं नाही आणि नंतर कुणी उठवलंही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं तिने नुसतं बघितलं. इस्पितळातली खोड, जाणार कुठे? वहीत प्रत्येकाच्या नावापुढे ती टिंब काढायची नाहीतर फुली. खाल्लं तर टिंब, ‘नको, भूक नाही’ म्हटलं तर फुली. मग राइड पुरी केलेल्यांची यादी माझ्याकडून मागून घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून बसायची. तिसऱ्या वर्षी अकरा फुल्या होत्या. त्यांतले नऊ जण पुढच्या ऐंशी किलोमीटरांत गळाले होते. एकाला तर ट्रकवाल्याने चाकांसकट उचलून आणून सोडलं होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि आम्ही म्हणे अनुभवी.

घरी भूक लागली की खायचं असतं, ती म्हणायची, पण सायकलवर भूक लागली म्हणजे उशीर झाला, आणि भूक मेली म्हणजे फारच उशीर झाला. हे वाक्य मी एखाद्या मोठ्या ग्रंथात वाचलं असतं तर खाली रेघ मारली असती. आठ-नऊ तास पायडल मारल्यावर पोट संपावर जातं. अन्न समोर आलं की मळमळतं. माणसाला वाटतं, नाही खाल्लं तर बरं वाटेल. आणि नेमकं तेव्हाच पायांत उरलेलं सगळं संपत आलेलं असतं.

म्हणून चौथ्या वर्षापासून तिने नियम काढला, आधी घास, मग शिक्का. फाटकातून सायकल आत आली की ती आधी वहीत वेळ लिहायची. म्हणजे कुणाचा एक मिनिटही जायचा नाही. पण कार्ड स्वतःजवळ ठेवून घ्यायची आणि समोरच्या बाकाकडे बोट करायची. बाक म्हणजे वखारीतल्याच न रंधलेल्या फळ्या, त्यांच्या कुसळांनी आमच्या चड्ड्यांची पार वाट लावलेली. समोर उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं, मीठ, मऊ भात, केळी, पाव, मोठ्या किटलीत चहा. गोड कमी, खारट जास्त. दिवसभर घाम गाळलेल्या जिभेला मीठच हवं असतं, हे तिने कुणाला न विचारता ओळखलं होतं.

कोण किती रिकामा झालाय हे ओळखायची तिची रीतही तिचीच. ती विचारायची, ‘दोनशे दहा झाले, किती राहिले?’ एवढंच. एकशे नव्वद असं पटकन सांगणाऱ्याला दोन बटाटे आणि सुट्टी. जो विचार करायला लागेल त्याला भात. आणि जो चिडेल, त्याला ती उठूच द्यायची नाही. मी स्वतः एकदा एकशे दहा सांगितलं होतं आणि वर तिच्याशी वाद घातला होता. चष्म्याच्या काचा घासणारा माणूस मी, नंबरातला पाव इकडचा तिकडे होऊ देत नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललेलं काही लोकांना बघवत नाही. तीन वर्षांपूर्वी दातांचा एक डॉक्टर आमच्या क्लबचा सचिव झाला.

माणूस हुशार. सायकलही चांगली चालवतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या मनगटावरचं घड्याळ दर वीस मिनिटांनी पिकपिकतं आणि तो दोन घोट घेतो. आम्ही त्याला घड्याळच म्हणायचो. बाटलीत पाणी आणि पाण्यात एका कंपनीची भुकटी. ती कंपनी आता क्लबची प्रायोजक झाली होती. जेवण हा शब्द त्याने क्लबमधून हद्दपार केला. तो ‘इंधन’ म्हणायचा. तासाला इतके ग्रॅम, वजनाला इतके ग्रॅम, असा तक्ता त्याने सगळ्यांना वाटला होता. आता बघा, दिवसभर लोकांच्या दातांतली कीड काढायची आणि सुट्टीच्या दिवशी त्याच लोकांना साखरेची भुकटी पाजायची. ह्यावर मी क्लबात एकदा विनोद केला, तर तो हसला नाही.

भुकटी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. मीही घेतो. पहिले पाच-सहा तास छान चालते. पण ऊन वाढलं, वारा समोरून आला, तास दहावा-अकरावा लागला, की तोंडात तो गोड चिकटा बसतो आणि पोट साफ नाही म्हणतं. तक्त्यात पोटाला बोलायची सोय नव्हती.

ह्या वर्षी राइडच्या आधी वहिनीच्या हातात एक पत्रक आलं. प्रायोजकाचं टेबल पुढे लागेल, घरगुती खाद्यपदार्थ मागच्या बाजूस ठेवावेत, शिक्का तात्काळ द्यावा. वहिनीने ते दोनदा वाचलं, चौघडी केली आणि डगडगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल डगडगायचं थांबलं. पातेलं होतं तिथेच राहिलं, भुकटीचे डबे मागे गेले.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. एकशे वीसनंतर वारा असा समोरून आला की उतारालाही पायडल मारावं लागत होतं. मी पावणेसहाला वखारीत पोचलो, एकशे नव्वद बरोबर सांगितलं, खाल्लं आणि फळीवर पाठ टेकून पडलो. बरेचसे येऊन गेले होते. घड्याळाचा मात्र पत्ता नव्हता. त्याच्या तक्त्याप्रमाणे तो तीन वाजताच यायला हवा होता.

तो आला सहा एकतीसला. चेहरा राखेसारखा, ओठांच्या कडांना पांढरं. मनगटावरचं घड्याळ पिकपिकत होतं आणि तो त्याकडे बघतही नव्हता. हेल्मेटचा पट्टा त्याला सुटेना. कार्ड मात्र त्याने टेबलावर आपटलं आणि शिक्का मागितला.

“बसा. वेळ लिहिलीय मी,” वहिनी म्हणाली. “दोनशे दहा झाले, किती राहिले?”

“माझी परीक्षा घेताय?”

“चारशेतून दोनशे दहा गेले. सांगा.”

तो थोडा वेळ ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, दोनशे नव्वद. आणि आम्हा तिघा-चौघांकडे असा बघू लागला, जणू आता टाळ्या व्हायच्या.

वहिनीने बाकाकडे बोट केलं. त्यावर तो जे बोलला ते मी इथे सगळं लिहीत नाही. इस्पितळाच्या भटारखान्यातल्या बाईने मला शरीरशास्त्र शिकवायचं का, असा एकूण सूर. तुम्हाला ह्या खुर्चीवरून उठवतो की नाही बघा, असंही म्हणाला. वहिनी शांतपणे बटाट्याला मीठ लावत होती. तेवढ्यात त्याने टेबलावरचं कार्ड हिसकावलं, शिक्का न घेताच सायकलवर टांग टाकली आणि फाटकाबाहेर गेला.

फाटकाबाहेर पडलं की उजवीकडे वळायचं असतं. तो डावीकडे वळला.

“भाऊजी, ते आले तिकडेच परत चाललेत,” वहिनी म्हणाली. “आणा त्यांना.”

मी निघालो. दीड किलोमीटरवर तो सापडला. शाळेतून घरी जाणारी पोरं त्याला मागे टाकतील अशा वेगाने चालला होता. मी शेजारी सायकल घेतली आणि म्हटलं, डॉक्टर, तुम्ही उलटे चाललात. त्याने माझ्याकडे बघितलं ते फार मोठ्या समाधानाने. म्हणाला, उलटा कसा? दिवसभर वारा तोंडावर होता, आता पाठीवर आलाय, म्हणजे रस्ता बरोबर आहे. मी सूर्य दाखवला, दगडावरचे आकडे दाखवले, काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हटलं, शिक्का राहिलाय. ह्या शब्दावर मात्र तो वळला.

परत आलो तेव्हा सातला दहा कमी होते. भात समोर येताच त्याला उमासा आला. वहिनीने भात बाजूला केला, त्याच्या हातातला मोजा काढला आणि बटाट्याची एक फोड मीठ लावून तळहातावर ठेवली. खाऊ नका, ती म्हणाली, नुसतं मीठ चाटा. त्याने चाटलं. मग फोड तोंडात गेली. मग दुसरी. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. वहिनी त्याच्याकडे न बघता पुढची फोड करत होती. सात बटाटे खाल्ले त्याने, मी मोजले. त्यानंतर वाटीभर भात. पाऊण तासाने चेहऱ्यावर रंग आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, वेळ काय लिहिली? वहिनीने वही फिरवून दाखवली. सहा एकतीस. शिक्का मारला, कार्ड दिलं आणि मला सांगितलं, पुढचे वीस किलोमीटर ह्यांच्या मागेच राहा.

मी त्याच्या मागे राहिलो. वीस नाही, शेवटपर्यंत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला आम्ही दोघं परत पोचलो. राइड पुरी झाली. त्याने गळ्यात पदक घालून फोटो काढला, हातात भुकटीचा डबा धरून.

आणि दोन दिवसांनी तो अर्ज. कार्ड पाऊण तासाहून अधिक काळ अडवून ठेवलं. सर्वांसमक्ष गणित विचारून अपमान केला. प्रायोजकाचं उत्पादन मुद्दाम मागे ठेवलं. उघड्या हातांनी अन्न हाताळलं. सबब ह्या जागी योग्य व्यक्ती नेमावी, नाहीतर शिक्का बंद करून मोबाइलवर नोंद करण्याची पद्धत आणावी. गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात. इथे वैद्याची गरज सरली आणि मरायची पाळी आली वहिनीवर. सात बटाट्यांबद्दल अर्जात चकार शब्द नव्हता. डावीकडे वळल्याबद्दलही नव्हता.

वहिनीला तो शिक्का जाण्याचं किती लागलं असेल, हे मला ठाऊक आहे. इस्पितळात तिला कोण विचारतं? ताट वाढा आणि ट्रॉलीवर ठेवा. माणूस समोर बसवून, तो खातो की नाही हे बघण्याचा हक्क तिला सबंध वर्षात एकाच दिवशी होता. त्या एका दिवसासाठी ती आधीच्या महिन्यापासून रजा मागून ठेवायची. क्लबने तो दिवसही काढून घ्यायचं ठरवलं तर मागे काय राहतं? अर्ज वाचल्यावर ती एवढंच म्हणाली, की भाऊजी समितीत आहेत, ते सांगतील काय झालं ते. कारण डॉक्टरचा ओरडा ऐकणारे बाकीचेही होते, पण डॉक्टर उलटा गेला हे डोळ्यांनी बघणारा, त्याला वळवून आणणारा, असा मी एकटाच.

सभा रविवारी दुपारी चारला होती. त्याआधी शुक्रवारी दुकानात मला फोन आला. घड्याळाचाच. आवाज एकदम मऊ. त्या दिवशी जरा वळण चुकलं, ते सभेत काढायची गरज नाही, लोक उगाच राईचा पर्वत करतात. आणि हो, बाराशे किलोमीटरच्या मोठ्या राइडला क्लबकडून एकच नाव पाठवायचंय ह्या वर्षी, तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे. ह्या राइडसाठी मी आठ वर्षं वाट बघत होतो, माझं वय आता एकोणपन्नास. मी ‘बरं’ म्हणालो. कशाला बरं म्हणालो ते मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

समितीत आम्ही सहा जण. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर, घड्याळ, एक जिमवाला, वखारीचा मालक, एक शाळेतल्या बाई आणि मी. अर्ज वाचून झाला. वखारवाला तडकला. म्हणाला, माझ्या जागेत सोळा वर्षं ती बाई बसते, एक माणूस उपाशी गेला नाही, आणि तुम्ही तिला हात उघडे होते म्हणून काढता? शाळेतल्या बाईंनी विचारलं, वेळ सहा एकतीसच लिहिली होती ना, मग नुकसान काय झालं? जिमवाल्याने काळ बदललाय वगैरे सांगितलं. घड्याळ मात्र मोबाइलवर बोट फिरवत होतं, आपल्याला ह्यात काही रस नसल्यासारखं.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. म्हणाले, हे पडले तिचे दीर, नात्यातला माणूस. ह्यांनी बोलूही नये नि मतही देऊ नये, तेच त्यांच्या दृष्टीने बरं. नाही का?

तुम्ही विचार करा. ज्याची तक्रार तोच मत देणार होता. त्याला कुणी म्हणालं नाही, की डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर बसा. पण मी दीर, म्हणून माझं तोंड बंद. असला उफराटा न्याय मी कुठे बघितला नाही. हे सगळं त्याच क्षणी माझ्या मनात आलं, अगदी असंच, ह्याच शब्दांत. आणि मी मान डोलावली. मूग गिळून बसलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. शाळेतल्या बाई माझ्याकडे बघत होत्या, बराच वेळ. मी चष्मा काढून पुसत राहिलो.

दोन हात वहिनीच्या बाजूने, दोन विरुद्ध. अध्यक्षांनी आपलं मत विरुद्ध टाकलं. पुढच्या वर्षीपासून दोनशे दहाला मोबाइलवर नोंद, शिक्का आणि वही क्लबच्या कपाटात जमा करावी, सोळा वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचं पत्र द्यावं. त्यानंतरच्या विषयात बाराशेच्या राइडसाठी माझं नाव एकमताने मंजूर झालं. एकमताने म्हणजे माझं मत धरून.

तिथून मी दादाकडे गेलो. वहिनी ओट्यापाशी उभी राहून दुसऱ्या दिवशीसाठी एप्रनला इस्त्री करत होती. दादा खुर्चीत गुडघ्याला पट्टा बांधून बसला होता. मी निकाल सांगितला. वहिनीने इस्त्री उभी केली.

“तुम्ही काय म्हणालात?”

मी म्हटलं, नात्यातला म्हणून मला बोलता आलं नाही.

“असा नियम आहे?”

नियम नाही, मी म्हटलं.

“आणि ते उलटे गेले होते, ते?”

मी पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागला. मग मी सुरू झालो. घड्याळाला शिव्या दिल्या, अध्यक्षाला दिल्या, त्या भुकटीला आणि तक्त्याला दिल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणालो. सात बटाट्यांना जागला नाही म्हणालो. आत्ता इथे जे सगळं लिहिलं, ते तिथे दुप्पट आवाजात बोललो. फक्त बाराशेच्या राइडचं काढलं नाही. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, एप्रनची घडी घातली आणि इस्त्रीची वायर काढली.

“डॉक्टरांचं मी त्या दिवशीही मनाला लावून घेतलं नाही, भाऊजी,” ती म्हणाली. “उपाशी माणूस काहीही बोलतो. तुम्ही तर आज दुपारी इथूनच पोटभर जेवून गेला होतात.”